गॅस्ट्रिक बँड बसवल्यानंतरचे जेवण: घास, वेग आणि तृप्ती यांचा नव्याने सराव

वजन कमी करण्यासाठी गॅस्ट्रिक बँडची शस्त्रक्रिया झाली की पोटालाच कुलूप लागले, आता जास्त खाल्ले जाणारच नाही, अशी अनेकांची समजूत असते. पुढच्या बऱ्याच अडचणी याच समजुतीतून निर्माण होतात, म्हणून खाण्याच्या सवयींकडे वळण्यापूर्वी बँड नेमके काय करतो आणि काय करत नाही, हे नीट समजून घेतलेले बरे.

बँड म्हणजे सिलिकॉनचे एक कडे. अन्ननलिका जिथे जठराला मिळते, त्याच्या किंचित खाली ते जठराभोवती बसवले जाते आणि त्यामुळे कड्याच्या वर जठराचा एक अगदी लहान कप्पा तयार होतो. त्याची क्षमता साधारण १५ ते ३० मिलिलिटर, म्हणजे एक-दोन मोठ्या चमच्यांइतकीच असते. जठराचा कोणताही भाग कापला जात नाही, आतड्यांची वाटही बदलली जात नाही. कड्याच्या आतल्या बाजूला एक फुगा असतो आणि तो बारीक नळीने पोटाच्या त्वचेखाली बसवलेल्या पोर्टला, म्हणजे सुई टोचण्यासाठीच्या लहान डबीला, जोडलेला असतो. पोर्टमध्ये सुईने सलाइन भरले की बँड घट्ट होतो, काढून घेतले की सैल होतो.

वरचा कप्पा अन्नाने भरतो, ते अन्न तिथे तासन्‌तास थांबते आणि म्हणून भूक लागत नाही, असे पूर्वी सांगितले जाई. प्रत्यक्षात चांगला चावलेला घास कप्प्यात फार वेळ थांबत नाही. अन्ननलिकेच्या काही आकुंचनांसरशी तो थोडा थोडा करून, साधारण मिनिटभरात, बँडमधून खाली उतरतो. उतरताना त्या भागातील मज्जातंतूंवर जो दाब पडतो, त्यातून मेंदूपर्यंत तृप्तीचा संदेश जातो. म्हणजे बँडचे खरे काम अन्न अडवण्याचे नसून, थोड्या अन्नात समाधान मिळवून देण्याचे आहे. त्यासाठी अन्न घन असावे लागते आणि एक घास पूर्ण उतरल्यावरच दुसरा जावा लागतो. द्रव पदार्थ बँडमधून सरळ वाहून जातात आणि तृप्तीचा संदेश जवळजवळ देतच नाहीत. यापुढे जे काही सांगितले आहे, ते सगळे या दोन गोष्टींवरून ठरते.

पहिले काही आठवडे

शस्त्रक्रियेनंतर साधारणपणे पहिले दोन आठवडे फक्त द्रव आहार, त्यानंतरचे दोन आठवडे मिक्सरमधून गुळगुळीत वाटलेले अन्न, त्यापुढे एक-दोन आठवडे काट्याने सहज कुस्करले जाईल असे मऊ अन्न आणि मग नेहमीचे घन अन्न, असा क्रम असतो. प्रत्येक रुग्णालयाचे वेळापत्रक थोडे वेगळे असते. आपल्या शल्यचिकित्सकांनी दिलेला कागद आणि कुठे वाचलेली माहिती यांत फरक आढळल्यास कागदावरचे पाळावे.

हा क्रम ओलांडण्याचा मोह तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सर्वाधिक होतो. जखमा भरलेल्या असतात, दुखणे संपलेले असते आणि घन अन्न गेले तरी काही त्रास होत नाही, असा अनुभवही एखाद्या वेळी येतो. परंतु बँड जागेवर राहावा म्हणून जठराच्या भिंतीचा काही भाग त्यावरून घेऊन टाके घातलेले असतात आणि बँडभोवती शरीराच्या ऊतींचे आवरण तयार होण्यास काही आठवडे लागतात. या काळात एखादा कोरडा घास अडकून जोराची उलटी झाली, तर बँड सरकण्याचा धोका असतो. आज त्रास झाला नाही म्हणून उद्याही होणार नाही, असा हिशेब इथे चालत नाही.

याच सुमारास दुसरीही एक गोष्ट घडते, जिची पूर्वकल्पना अनेकांना नसते: भूक परत येते, तीही चांगलीच. सुरुवातीला बँड रिकामा किंवा जेमतेम भरलेला ठेवतात आणि तो पहिल्यांदा घट्ट करण्यासाठी बहुधा शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवडे थांबतात. सूज उतरलेली, बँड अजून सैल आणि खायला पातळ अन्न, अशा स्थितीत भूक लागणारच. याचा अर्थ शस्त्रक्रिया फसली असा नव्हे, किंवा आपला निश्चय डळमळला असाही नव्हे. या दिवसांत वजन फारसे उतरले नाही तरी चालते. जखम निर्वेध भरून येणे एवढेच उद्दिष्ट पुरेसे आहे.

एक घास कसा खावा

घन अन्न सुरू झाले की खरा सराव सुरू होतो. घास करंगळीच्या नखाएवढा असावा. लहान चमचा किंवा लहान काटा वापरल्यास हे आपोआप जमते. मोठ्या चमच्याने कितीही ठरवले तरी हात जुन्या मापावरच जातो. मांसाचा तुकडा असेल तर तो ताटात वाढून घेतल्यावर लगेच सगळा कापून ठेवू नये, एकेक तुकडा कापून खावा. त्यामुळे दोन घासांमध्ये हाताला काम राहते.

घास तोंडात गेल्यावर चमचा खाली ठेवावा. हातात धरून ठेवलेला चमचा पुढचा घास घेण्याची घाई करतोच. घास बत्तीस वेळा चावावा, हे लहानपणी ऐकलेले आणि कधीच न पाळलेले वाक्य इथे शब्दशः लागू पडते. आकडा वीस असो की तीस, जिभेला एकही कण वेगळा लागू नये इतके ते चावून झाले पाहिजे. चावूनही ज्याचा लगदा होत नाही असा दोरा, साल किंवा चिवट तुकडा तोंडात उरला, तर तो गिळू नये. कागदी रुमालात काढून टाकावा. चारचौघांत हे करण्याचा संकोच वाटतो, पण तो तुकडा अडकल्यावर टेबलावरून उठून जावे लागते, त्यात अधिक अवघडलेपण आहे.

गिळल्यानंतर मिनिटभर थांबावे. हा सगळ्यांत कठीण भाग आहे, कारण रिकाम्या तोंडाने एक मिनिट बसणे फार मोठे वाटते. समोर सेकंदकाटा असलेले घड्याळ ठेवले तर पहिल्या काही आठवड्यांत मदत होते; पुढे लय अंगवळणी पडते. आधीचा घास खाली उतरण्यापूर्वीच दुसरा, तिसरा गेला, की ते सगळे बँडच्या वर साचू लागते. असे रोज घडू लागले, तर कप्पा आणि अन्ननलिकेचा खालचा भाग हळूहळू ताणला जातो आणि मग बँड कितीही घट्ट केला तरी उपयोग होत नाही.

जेवण वीस मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात संपवावे. ताटात राहिले तर राहू द्यावे. रेंगाळत, मध्ये उठून, पुन्हा बसून तासभर खात राहिल्यास थोडे थोडे करून बरेच अन्न पोटात जाते. अर्धा ते एक कप अन्न हे बहुतेकांना एका जेवणास पुरते, परंतु ठरलेल्या मापापर्यंत पोहोचायचेच असा आग्रह धरू नये. भूक ओसरली, पुढच्या घासाची ओढ राहिली नाही, की थांबावे. पोट गच्च झाल्याची जी भावना पूर्वी जेवण संपल्याची खूण होती, ती आता फार उशिरा मिळणारी खूण आहे. शरीर त्याआधी बारीक इशारे देते: कोणाला एकच उचकी लागते, कोणाला खोल उसासा येतो, कोणाच्या नाकातून पाणी येऊ लागते, कोणाला छातीच्या मध्यभागी हलका दाब जाणवतो. आपला इशारा कोणता हे ओळखून ठेवावे आणि तो मिळाल्यावर ‘हा एक शेवटचा’ घास घेऊ नये. ताट रिकामे करूनच उठायचे ही सवय ज्यांना लहानपणापासून आहे, त्यांनी मुळात लहान ताटलीत थोडेच वाढून घ्यावे.

ताटात काय असावे

एवढ्या थोड्या अन्नात शरीराची गरज भागवायची तर आधी प्रथिने, मग भाज्या आणि जागा उरलीच तर पिष्टमय पदार्थ, हा क्रम ठेवावा. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे सांगितले जाते. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, यावरून लक्षात येईल की ही मात्रा सहज भरून निघत नाही. प्रत्येक जेवणात अंडी, मासे, कोंबडी, डाळी, कडधान्ये, टोफू, चीज किंवा घट्ट दही यांपैकी काही ना काही असावेच लागते. प्रथिने कमी पडली की वजनाबरोबर स्नायूही झडतात, थकवा येतो आणि केस गळू लागतात.

काही पदार्थ बँडमध्ये अडकण्याबद्दल कुप्रसिद्ध आहेत. ताजा, मऊ पाव तोंडात मऊ लागतो, पण गिळल्यावर त्याचा चिकट गोळा होतो. तोच पाव चांगला भाजून कडक केला तर अनेकांना सोसतो. चिकट भात आणि पास्ता यांचेही तसेच. कोरडे, शिळे किंवा पुन्हा गरम केलेले मांस, विशेषतः कोंबडीच्या छातीचा भाग, ओलसर रस्सा असल्याशिवाय घेऊ नये. धागेदार भाज्या, फळांच्या साली, संत्र्याच्या फोडींवरचे पांढरे आवरण आणि सुकामेवा यांच्याबाबत सावध असावे. मात्र ही यादी सर्वांना सारखी लागू होत नाही. नवा पदार्थ घरी, निवांत वेळी आणि दोन-तीन घासच खाऊन पाहावा. न सोसल्यास कायमचा वर्ज्य न करता महिन्याभराने पुन्हा पाहावा.

सकाळी बँड जास्त घट्ट असल्यासारखे अनेकांना वाटते, तर काहींना मानसिक ताणाच्या दिवसांत तसे जाणवते. अशांनी उठल्यावर कोमट पाण्याचे घोट घेऊन, थोड्या उशिरा न्याहारी करावी. रागात किंवा घाईत असताना घन अन्नाचा पहिला घास घेणे टाळावे. अडकण्याचे बरेच प्रसंग अशाच वेळी घडतात.

पाणी आणि इतर पेये

जेवताना पाणी पिऊ नये आणि जेवणानंतरही अर्धा तास थांबावे. घासाबरोबर पाणी घेतल्यास अन्न लवकर खाली वाहून जाते, तृप्ती टिकत नाही, आणि एखादा घास अडकलेला असताना वरून पाणी ओतले तर ते परत वरच येते. जेवणाच्या वेळा वगळून उरलेल्या दिवसभरात दीड ते दोन लिटर द्रव जावे यासाठी बाटली जवळ ठेवून घोट घोट पीत राहावे. पाणी कमी पडल्यास बद्धकोष्ठता होते, जी आधीच कमी खाण्यामुळे बळावलेली असते.

खरा प्रश्न पाण्याचा नसून गोड पेयांचा आहे. जठराचा मार्ग बदलणाऱ्या बायपास शस्त्रक्रियेनंतर गोड खाल्ल्यास काहींना घाम, धडधड, पोटात कळा असा त्रास होतो आणि तो त्रासच एक धाक ठरतो. बँडच्या बाबतीत तसा कोणताही धाक नसतो. फळांचे रस, मिल्कशेक, आइस्क्रीम, मद्य हे सगळे बँडमधून विनातक्रार उतरते आणि त्यांतील कॅलरी पूर्णपणे अंगी लागतात. म्हणून पेये शक्यतो कॅलरीविरहित असावीत: पाणी, बिनसाखरेचा चहा किंवा कॉफी. दूध मोजूनमापून घ्यावे. सोड्याची फसफसणारी पेये बहुतेक तज्ज्ञ वर्ज्य सांगतात, कारण त्यांतील वायूमुळे वरच्या कप्प्यात अस्वस्थ करणारा दाब निर्माण होतो.

घास अडकल्यास

कितीही काळजी घेतली तरी कधीतरी घास अडकतोच. छातीच्या हाडामागे घट्ट दाब जाणवतो, बोलणे थांबते आणि काही क्षणांत तोंडात बुळबुळीत, दोरीसारखी ओढली जाणारी लाळ भरू लागते. ही लाळ गिळू नये, थुंकून टाकावी. खाणे तत्काळ थांबवावे, उभे राहावे, सैल श्वास घेत खोलीत चालावे. पाणी पिऊन घास खाली ढकलण्याचा प्रयत्न करू नये. बहुधा थोड्या वेळात घास एक तर उतरतो किंवा न पचलेल्या स्वरूपात, मळमळ न होता वर येतो. घशात बोट घालून उलटी काढू नये. जोराच्या उमाळ्यांनी जठर बँडमधून वर ओढले जाऊ शकते.

त्रास थांबल्यावर भूक लागलेली असते आणि अर्धे राहिलेले जेवण समोर असते. तिथेच पुन्हा खायला बसणे ही नेहमीची चूक आहे. अडकलेल्या घासामुळे त्या भागाला सूज येते, सुजेमुळे पुढचा घास आणखी सहज अडकतो आणि हे चक्र दिवसभर चालू राहते. त्यामुळे पुढचे २४ तास केवळ द्रव, त्यानंतर मऊ आणि मग घन, असे टप्प्याटप्प्याने परत यावे. महिन्यातून एखादे वेळी असे झाले तर कारण शोधून सोडून द्यावे. आठवड्यातून अनेकदा होऊ लागले तर खाण्याच्या वेगाची आणि बँडच्या घट्टपणाची, दोन्हींची तपासणी करून घ्यावी.

घट्ट म्हणजे चांगला नव्हे

बँड घट्ट केल्यानंतर एक-दोन दिवस द्रव, मग मऊ अन्न आणि त्यानंतर घन अन्न घ्यावे. तो पुरेसा घट्ट आहे की नाही, हे किती मिलिलिटर सलाइन भरले यावरून ठरत नाही. अनेक ठिकाणी पिवळा, हिरवा आणि लाल असे तीन पट्टे सांगितले जातात. पिवळ्यात माणूस दोन जेवणांच्या मध्ये भुकेलेला असतो, मोठी जेवणे घेऊ शकतो आणि वजन उतरत नाही. इथे बँड घट्ट करण्याचा विचार होतो. हिरव्यात थोडे जेवण पुरते, ते काही तास टिकते आणि वजन हळूहळू उतरते. लालमध्ये घास वारंवार अडकतात, छातीत जळजळ होते, रात्री आडवे झाल्यावर ठसका किंवा खोकला येतो आणि घन अन्न नकोसे होते. इथे बँड सैल करण्याची गरज असते.

फसगत होते ती लाल पट्ट्यात. घन अन्न जात नाही म्हणून माणूस जे जाते त्याकडे वळतो: बिस्किटे, चिप्स, चॉकलेट, आइस्क्रीम, गुळगुळीत सूप. हे सारे तोंडात विरघळते आणि त्रास न देता उतरते. काही आठवड्यांनी वजन थांबते किंवा वाढू लागते, आणि ‘बँड सैल झाला असणार, अजून घट्ट करा’ अशी मागणी घेऊन तो दवाखान्यात जातो. वास्तविक उपाय नेमका उलटा असतो. म्हणून तपासणीला जाताना केवळ वजन न सांगता, गेल्या आठवड्यात घन अन्नाची किती जेवणे झाली, किती वेळा घास अडकला आणि रात्री खोकला आला का, हे सांगावे. तीन-चार दिवस खाल्लेले सगळे लिहून नेल्यास डॉक्टरांचे आणि आहारतज्ज्ञांचे काम निम्मे होते. आठवड्याला अर्धा ते एक किलो वजन उतरणे ही बँडची चांगली गती मानली जाते. बायपास झालेल्या एखाद्या परिचिताशी तुलना करून घट्टपणा वाढवून मागू नये.

औषधे आणि जीवनसत्त्वे

बँडमुळे अन्नाच्या शोषणात बाधा येत नाही, परंतु खाणे कमी होत असल्याने रोजची मल्टिव्हिटॅमिन गोळी आवश्यक असते. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, लोह आणि बी-१२ यांची गरज रक्त तपासून ठरवतात. मोठ्या गोळ्या अडकू शकतात, म्हणून पर्यायी द्रव औषध आहे का ते विचारावे. गोळी कुटून घेण्यापूर्वीही विचारावे, कारण हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या गोळ्या कुटल्यास संपूर्ण मात्रा एकदम शरीरात जाते. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. जठराच्या आतील आवरणाला ती इजा करतात. गर्भधारणा झाल्यास किंवा उलट्यांचा आजार झाल्यास बँड सैल करता येतो, ही सोय लक्षात ठेवावी.

उलट्या काही दिवस चालूच राहिल्या, तर थायमिन म्हणजेच बी-१ जीवनसत्त्वाची कमतरता काही आठवड्यांतच निर्माण होऊ शकते आणि तिचा परिणाम मज्जातंतूंवर व मेंदूवर होतो. ‘बँड आहे, उलट्या व्हायच्याच’ असे म्हणून त्या अंगावर काढू नयेत.

पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल, पोटात किंवा छातीत तीव्र वेदना होत असतील, ताप असेल, उलटीत रक्त दिसत असेल किंवा शौचास काळे होत असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. पोर्टवरची त्वचा लाल होऊन दुखू लागल्यास, किंवा काहीही बदललेले नसताना अचानक पूर्वीइतके खाता येऊ लागल्यास, तेही लवकर दाखवून घ्यावे. बँड जठराच्या भिंतीत रुतत असल्याची किंवा नळी गळत असल्याची ती खूण असू शकते. तातडीच्या विभागातील डॉक्टरांना बँडची सवय असेलच असे नाही. त्यामुळे बँड असल्याचे, तो कोणत्या प्रकारचा आहे, शेवटचा केव्हा घट्ट केला आणि त्यात किती सलाइन आहे हे लिहिलेले कार्ड पाकिटात ठेवावे, आणि ते कुठे आहे हे घरातील एका व्यक्तीला सांगून ठेवावे.